दूध तोडण्याचा इतिहास

आपल्या बैठकीत इतिहास म्हटला की महाडचं तळं येतं, काळाराम येतं, नामांतर येतं. ते पाठ पाहिजेच. पण पोटाचा इतिहास आपण फार कमी लिहिला. लेकराला आईचं दूध किती महिने मिळालं, दूध तुटल्यावर वाटीत काय पडलं, आणि त्यानं पुढं हाडामांसाचं काय झालं, हाही इतिहासच आहे. त्याचं दप्तर कुठल्या कचेरीत सापडत नाही. ते माणसाच्या अंगातच असतं.

हे दप्तर वाचायला शास्त्रज्ञ शिकले ते डुकराच्या पिल्लांवरून. नाक मुरडू नका. डुकराचं नाव काढलं की गाव नाक मुरडतं, आपण तरी मुरडू नये. मी आपल्या लेकरांची तुलना डुकरांशी करतोय असंही समजू नका. डुकराचं पोट आणि आतडं माणसाच्या बरंच जवळचं, म्हणून शास्त्रज्ञांनी तो प्राणी घेतला. लेकराला उपाशी ठेवून प्रयोग करता येत नाही. निदान प्रयोगशाळेत तरी येत नाही. बाहेर तो रोज चालू आहे.

आधी आपला मुलूख बघू. सातारा-सांगलीत डुकरं कोण राखतं? कैकाडी, वडार, मांग-गारुडी. यातल्या कैकाड्यांचं जगणं लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’नं १९८० साली मराठी वाचकापुढं ठेवलं. माने फलटण तालुक्यातले, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातलेच. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जन्मानंच गुन्हेगार ठरवलेले लोक १९५२ साली देशभर मोकळे झाले, म्हणून ‘विमुक्त’. गंमत बघा. विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आणि आपल्याकडं विमुक्त जातीत. जात एक, धंदा एक, डुक्कर एक, यादी मात्र दोन. मांग-गारुडी अनुसूचित जातीत आणि त्याच्याशेजारी पाल ठोकलेला वडार विमुक्त जातीत. म्हणजे सवलतीचा अर्ज करताना एकाच वस्तीचे दोन रस्ते होतात. आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं.

या लोकांकडं जमीन नाही. म्हशीला वैरण लागते, वैरणीला बांध लागतो, बांध पाटलाचा. डुकराला बांध लागत नाही. गावानं टाकलेलं खरकटं, उकिरडा, हागणदारी, उसाच्या फडातला पाला, यावर ते जगतं. ज्या माणसांना गावानं बाहेर ठेवलं त्यांनी गावानं बाहेर टाकलेलं गोळा करून त्याचं मांस केलं, आणि मग गावानं त्यांनाच घाण म्हटलं. हे अर्थशास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत.

मी वाढलो त्या मिरजेकडच्या वस्तीत आमची एक आत्या डुकरं राखायची. ती म्हणायची, “पिल्लू जल्मल्यावर मरत न्हाई रं, दूध तुटल्यावर मरतं. जगलं तरी कुडंच ऱ्हातं.” आत्या शाळेत गेली नव्हती. तिच्या या दोन वाक्यांवर जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी पन्नास-साठ वर्षं घालवली आहेत.

पिल्लाच्या पोटात काय घडतं ते सोप्या शब्दांत सांगतो. डुकरीण व्याली की पिल्लू साधारण किलोच्या आतबाहेर असतं. माणसाचं मूल जन्मतः अंगावर चरबी घेऊन येतं, वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास. डुकराचं पिल्लू जवळजवळ चरबीशिवायच येतं, एक-दोन टक्के. म्हणजे त्याच्या गाठीला काहीच नाही. सगळी भिस्त आईच्या दुधावर. डुकरिणीचं दूध घट्ट असतं, त्यात स्निग्ध ७ ते ८ टक्के आणि प्रथिनं ५ ते ६ टक्के. गाईच्या दुधापेक्षा दोन्ही जास्त. त्यावर पिल्लू आठवड्याभरात दुप्पट होतं. तीन-चार आठवड्यांत त्याच्या अंगात १५ टक्क्यांपर्यंत चरबी साठते. ही त्याची शिदोरी.

मोकळ्यावर सोडलं तर डुकरीण पिल्लांना हळूहळू तोडते, दहा-बारा आठवडे घेते. या काळात पिल्लू आईच्या मागं उकरत, हुंगत, थोडं थोडं खायला शिकतं आणि पोटही शिकतं. कारण जन्मतः त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा पाचकरस भरपूर असतो, पण धान्यातला स्टार्च पचवणारा कमी असतो, आणि उसाची साखर पचवणारा तर सुरवातीला नसल्यात जमा. सांगली-साताऱ्यात साखरेला तोटा नाही, पण आठवड्याच्या आतलं पिल्लू ती साखर पचवू शकत नाही. त्याला हगवण लागते. पोटातलं आम्लही कमी असतं, म्हणून जंतू मरत नाहीत.

आता माणसानं घाई केली. जुन्या सरकारी फार्मांवर आठ आठवड्यांनी दूध तोडायचे. मग धंदा वाढला. डुकरीण लवकर मोकळी झाली तर लवकर गाभण राहते, वर्षाला पिल्लं जास्त पडतात, म्हणून तीन-चार आठवड्यांवर आले. दूध अचानक तुटलं की पिल्लू दिवस-दोन दिवस काहीच खात नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक केस असतात, त्यांतून अन्न अंगात जातं. उपासानं ते केस काही दिवसांतच आखूड होतात. मग पुढं खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही. हगवण लागते, साठवलेली चरबी जळून जाते, वाढ थांबते. युरोपातल्या कारखानदारांनी यावर औषधं घातली, जस्ताची भुकटी घातली. तिथल्या कायद्यानं २८ दिवसांच्या आत दूध तोडायला साधारणपणे मनाई आहे, काही अटींवर २१ दिवस चालतात. जस्ताचं औषध म्हणून चाऱ्यात घालणंही २०२२ साली तिथं बंद झालं. म्हणजे तिकडं डुकराच्या पिल्लाला आईचं दूध किती दिवस मिळावं यावर कायदा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि खाणं म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे. अंगात मांस चढायला प्रथिनं लागतात, प्रथिनं अनेक तुकड्यांची बनलेली, आणि त्यातला एक तुकडा कमी पडला की बाकीचे असून उपयोग नाही. धान्यावर वाढणाऱ्या डुकराला पहिला कमी पडतो तो लायसिन नावाचा तुकडा. आपल्या ज्वारीत तो कमी, शेंगदाण्याच्या पेंडीतही कमीच. डाळीत, सोयाबीनमध्ये, दुधात, मासळीत, मटणात चांगला. नुसत्या कोंड्या-कण्यांवर ठेवलेलं पिल्लू पोट फुगेस्तोवर खातं तरी मांस धरत नाही. जे जास्तीचं खाल्लं ते चरबीत जातं. पोट मोठं, ढुंगण बारीक. असं पिल्लू तुम्ही बघितलंय. असं लेकरूही बघितलंय.

आता इतिहासाकडं येतो. १९४० च्या सुमाराला मॅकमीकन नावाच्या न्यूझीलंडच्या माणसानं इंग्लंडात केंब्रिजला एक प्रयोग केला. त्यानं पिल्लांचे गट केले. एका गटाला पहिले १६ आठवडे भरपूर खाऊ घातलं आणि नंतर हात आखडता घेतला. दुसऱ्याला पहिले १६ आठवडे कमी दिलं आणि नंतर भरपूर. सगळी डुकरं २०० पौंडांची, म्हणजे ९० किलोच्या आसपास झाल्यावर कापली आणि हाड, मांस, चरबी वेगळी करून तोलली. वजन सगळ्यांचं सारखं. पण लहानपणी भरपूर खाल्लेल्याच्या अंगात मांस जास्त निघालं आणि लहानपणी उपाशी राहिलेल्याच्या अंगात चरबी जास्त निघाली. कारण अंग वाढण्याला क्रम असतो. आधी डोकं-मेंदू, मग हाड, मग मांस, शेवटी चरबी. ज्या वयात मांस वाढायचं त्या वयात खायला दिलं नाही, तर नंतर ढीग ओतलात तरी तो मांसाची वेळ गाठत नाही, चरबीत जातो.

मित्रहो, ताजव्यानं काय सांगितलं? दोघं सारखे. सुरीनं काय सांगितलं? दोघं सारखे नाहीत. सरकारी अहवाल ताजव्यासारखे असतात.

नंतर मॅकन्स आणि एल्सी विडोसन या केंब्रिजच्याच जोडीनं आणखी पुढची पायरी गाठली. मॅकन्सनं १९६० साली छापलेल्या प्रयोगात पिल्लं लवकर दुधावरून काढली आणि इतकं मोजून खायला दिलं की ती जगतील पण वाढणार नाहीत. वर्षभरानंतर ती पाच-सहा किलोची होती. त्याच वयाचं पोटभर खाल्लेलं डुक्कर शंभर किलोच्या पुढं जातं. डोकं मोठं, अंग वाळलेलं, दात तोंडात मावत नाहीत. मग त्यांना हवं तेवढं खाऊ घातलं. ती झपाट्यानं वाढली, बघणाऱ्याला वाटलं भरपाई झाली. पण पूर्ण आकाराला ती पोचली नाहीत, आणि जी वाढली त्यात चरबीचा वाटा जास्त होता. भाकरी उशिरा आली तर माणूस जगतो, पण उशीर वसूल होत नाही.

इथं आपला सातारा येतो. भारतात भूक कशी मोजायची यावर जो सगळ्यात मोठा वाद झाला तो दोन सातारकरांतला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत आकडेवारीचे प्रमुख झाले आणि १९७० नंतर पुण्यात आले. वि. म. दांडेकर १९२० साली साताऱ्यातच जन्मले, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक झाले. दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ मांडलं. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळायला १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, आणि कोट्यवधी लोकांना तेवढे मिळत नाहीत, असा हिशेब.

सुखात्मे म्हणाले, हा हिशेब चुकीचा. माणसाची गरज रोज बदलते, शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं, म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे. सरासरीच्या बऱ्याच खाली रेघ ओढा. रेघ खाली आली की उपाशी माणसांची संख्याही खाली येते. दांडेकरांनी त्यांच्या गणिताला १९८० नंतर लेख लिहून उत्तर दिलं. पण सुखात्म्यांचं बोट धरून सेकलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं त्याच सुमाराला सिद्धान्तच काढला, ‘लहान पण निरोगी’. म्हणजे भारतातली गरिबांची पोरं खुजी आहेत, पण ठीक आहेत, त्यांना रोगी धरू नका. डॉ. गोपालन यांच्यासारखे पोषणशास्त्रज्ञ यावर तुटून पडले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. खुजेपणाची किंमत असते, आणि ती गरिबानंच का भरायची?

सुखात्म्यांची एक गोष्ट मात्र मी मान्य करतो आणि तुम्हीही करा. ते म्हणायचे, नुसतं अन्न देऊन भागणार नाही, पाणी आणि संडास सुधारा, नाहीतर खाल्लेलं आतड्यातल्या जंतूंच्या लढाईत जातं. हे खरं आहे. घाणीत ठेवलेलं पिल्लू तेवढ्याच चाऱ्यावर कमी वाढतं. ज्या वस्तीला हापसा नाही तिथं लाडू वाटून लेकराचं अंग भरत नाही. पण ‘शरीर जुळवून घेतं’ या वाक्यापुढं मॅकन्सचं पाच किलोचं वर्षाचं डुक्कर उभं करा. त्यानंही जुळवून घेतलं होतं. ते जिवंत होतं. कशाची किंमत देऊन, ते ताजव्याला दिसलं नाही.

दोघंही मोठी माणसं, दोघंही गावकुसाच्या आतली. रेघ कुठं ओढायची यावर ते भांडले. ज्यांच्या पोटावर ती रेघ ओढली जात होती त्यांच्यातला एकही माणूस त्या वादात बोलायला नव्हता.

पुढचा धडा पुण्याजवळच्या खेड्यांतून आला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात तिथल्या बायका गरोदर असल्यापासून नोंदी ठेवल्या. पोरं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनची पोरं ३.५ किलोची. आपली पोरं सगळ्याच बाबतीत लहान असायला पाहिजे होती. पण मोजल्यावर दिसलं की मांस कमी आहे, चरबी मात्र त्या मानानं राखलेली आहे. बारीक दिसणारं पण आतून चरबीचं मूल. हीच पोरं मोठी झाल्यावर मधुमेहाच्या वाटेला लागण्याचा धोका जास्त. जी गोष्ट मॅकमीकनला १९४० साली डुकराच्या अंगात दिसली तिच्या ओळखीची गोष्ट पुण्याच्या खेड्यात लेकराच्या अंगात दिसली. उपाशी आजीच्या नातवाला साखरेचा रोग होतो तेव्हा लोक म्हणतात, आता ही लोकं जास्त खायला लागली. तसं नाही बाबांनो. आधी कमी खाल्लं होतं म्हणून आता होतोय.

पांढऱ्या डुकरांचीही गोष्ट इथंच सांगतो. १९८० नंतर गरिबी हटवायच्या योजनांतून ठिकठिकाणी विलायती पांढरी डुकरं कर्जावर दिली. आमच्या वस्तीतल्या एकानंही घेतली. ही जात मोजून दिलेल्या खुराकावर वाढवलेली. खुराकाला पैसा कर्जात धरला नव्हता. सिमेंटच्या फरशीवर बांधा म्हणून सांगितलं. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅम लोह लागतं, आईच्या दुधातून मिळतं एक. देशी पिल्लू माती उकरून बाकीचं मिळवतं, फरशीवर माती नसते. तिथं लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं, ते कुणी दिलं नाही. पिल्लं पांढरीफटक पडून मेली. कर्ज मात्र जिवंत राहिलं. साहेब म्हणाला, “तुमच्या लोकांना जमत नाही.” भूक देऊन वर नालायक म्हणायचं, ही रीत जुनीच आहे.

आणि आता माणसाचं दूध. साखर कारखान्यांचा आपला पट्टा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या येतात, जत-माणकडचीही माणसं कोयता घेऊन निघतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. बाळंतीण झालेली बाई काही दिवसांत फडात उभी राहते, कारण उचल फेडायची असते. लेकरू पालापाशी थोरल्या पोरीच्या कडेवर. त्याला चहात बुडवलेलं बिस्कीट. सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐकणारी बाई विचारते, “आन् फडात कोन जाईल?” तिचं दूध पान्ह्यानं तुटत नाही, मुकादमाच्या वहीनं तुटतं.

हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखलं होतं. सातारच्या शाळेत १९०० साली नाव घातलेलं ते पोर १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात उभं राहिलं आणि कामगार बाईला बाळंतपणाची पगारी सुट्टी मिळालीच पाहिजे, ते राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून बोललं. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ साली देशाचा झाला. २०१७ साली सुट्टी २६ आठवड्यांची झाली. चांगलं झालं. पण ती कुणाला? जिचं नाव हजेरीपटावर आहे तिला. कोयत्याला हजेरीपट नसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर-स्तनदा बाईला कमीत कमी ६,००० रुपये लिहिले, आणि २०१७ साली योजना आली ती पहिल्या मुलाला ५,००० ची. युरोपातल्या डुकरिणीच्या पिल्लाला २८ दिवसांचा कायदा आहे, म्हणालो होतो. फडातल्या आईच्या लेकराला किती दिवसांचा आहे, ते तुम्हीच मोजा.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरात ३५ पोरं वयाच्या मानानं खुजी निघाली. देशातही तेवढीच. अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त. ‘त्यांची हाडपेरच तशी’ असं कुणी म्हणालं तर त्याला मॅकमीकन सांगा. एकाच रक्ताच्या डुकरांत खाण्यानं अंग वेगळं होतं. मनुनं जे रक्तात आहे म्हणून सांगितलं ते ताटातलं निघालं.

म्हणून काम सांगतो. भाषणं पुरे. आपापल्या वस्तीतल्या अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर बघा, आणि वजनाबरोबर उंची लिहितात का बघा, कारण नुसता ताजवा खोटं बोलतो. सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या लेकरांच्या वाटीत डाळ, अंडं, दूध, मासळी काय पडतं ते घरोघरी विचारा. मांस-अंड्याला नाक मुरडणाऱ्यांचं ऐकू नका, लायसिनला सोवळं नसतं. टोळ्या उतरतील तिथं पाळणाघर मागा, कारखान्याच्या खर्चानं. कोयत्यावरच्या बाईचं नाव वेगळ्या कागदावर लिहून घ्या, नवऱ्याच्या अर्ध्या कोयत्यात नको. तिला बाळंतपणाची मजुरी मागा. वस्तीला पाणी मागा. आणि हे सगळं वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. पुढच्या वादात रेघ ओढायला कुणी बसेल तेव्हा आपली वही टेबलावर पाहिजे.

जयभीम.